मुख कर्करोग तपासणी शिबीर: टॉर्च मारण्यापलीकडे काय करायचं?

गोदाकाठ

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या कारखान्याच्या आवारात उतरतात आणि कुठली ना कुठली संस्था 'मुख आरोग्य शिबीर' भरवते. फलक लागतो, फोटो निघतात, प्रत्येकाला 'आ' करायला लावून दोन सेकंद टॉर्च मारतात आणि टूथपेस्ट देऊन वाटेला लावतात. 'आ' केल्यावर दिसते ती जिभेची वरची बाजू आणि पडजीभ. आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग तिथे क्वचितच सुरू होतो. गाल आणि खालची हिरडी मिळतात त्या खाचेत, म्हणजे तंबाखूची चिमूट दाबून ठेवतात तिथे, तो जास्त सापडतो. त्याखालोखाल जिभेच्या कडा. या दोन्ही जागा गाल ओढल्याशिवाय आणि जीभ धरल्याशिवाय दिसत नाहीत.

तपासणीची पद्धत खाली देतो. दंतवैद्य, सीएचओ (उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी), नर्स अशा कुणालाही ती शिकून करता येते. काही सुटलं असेल तर भर घाला.

साहित्य फार नाही. डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. माणशी दोन लाकडी पट्ट्या किंवा निर्जंतुक केलेले दोन दंत-आरसे, माणशी हातमोज्यांचा नवा जोड, गॉजचे तुकडे, मिलिमीटरची पट्टी. कचऱ्याला दोन पिशव्या: मोजे लाल पिशवीत, थुंकी-रक्त लागलेलं गॉज आणि लाकडी पट्ट्या पिवळ्या पिशवीत. साध्या पाण्याची चूळ भरायला बादली आणि मग. चूळ न भरता बघितलं तर चुना आणि तंबाखूचे कण पांढऱ्या चट्ट्यासारखे दिसतात आणि फुकटचा गोंधळ होतो.

क्रम असा ठेवा. कवळी असेल तर काढायला सांगा. आधी बाहेरून: चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का, जबड्याखाली आणि मानेच्या बाजूला गाठ लागते का. मान थोडी पुढे झुकवायला सांगून बोटांच्या पेरांनी चाचपा. टणक, न दुखणारी, जागची न हलणारी गाठ ही धोक्याची. मग तोंड पूर्ण उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. ३५ मिमीपेक्षा कमी असेल तर नोंद करा. पट्टी नसेल तर त्या माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते बघा.

आता आत. ओठ उलटवून, मग एक पट्टी गालाला आणि दुसरी जिभेला लावून गाल पूर्ण ताणा. ओठाच्या कोपऱ्यापासून थेट शेवटच्या दाढेच्या मागच्या त्रिकोणापर्यंत नजर फिरवा. खालची खाच बघताना तोंड अर्धवट मिटायला सांगा. पूर्ण उघड्या तोंडात गाल ताठ होतो आणि खाच झाकली जाते. नवशिके नेमके इथेच चुकतात. मग जिभेचं टोक गॉजमध्ये धरून हलकेच एका बाजूला ओढा, कड मुळापर्यंत बघा, मग दुसरी बाजू. जीभ टाळूला लावायला सांगून तिच्या खालची जागा बघा. तिथे एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली ठेवून मधला भाग दाबून बघायचा. काही गाठी दिसण्याआधी हाताला लागतात. शेवटी टाळू आणि घशाच्या कमानी.

हे नीट करायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणजे एका तपासनिसाकडून तासाला बारा-पंधरा माणसं. 'एका दिवसात हजार जणांची तपासणी' अशी बातमी वाचली की गुणाकार स्वतःच करून बघा.

शेवगा

उत्तम धागा. काय दिसलं की पुढे पाठवायचं, तेही सविस्तर लिहा. आमच्याकडच्या आशाताई नेहमी हेच विचारतात: "तोंड आलंय आणि हे दुसरं, यात फरक कसा करायचा?"

गोदाकाठ

तोंड येतं ते फोड लहान, गोल आणि भरपूर दुखणारे असतात, आठ-दहा दिवसांत भरतात. कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच माणूस येत नाही. तिच्या कडा उंचावलेल्या आणि हाताला कडक लागतात, तळ खडबडीत असतो, हात लावला की रक्त येतं. दोन आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम पुढे पाठवायची. तुटक्या दाताची कड लागत असेल तर ती आधी घासून गुळगुळीत करा, दोन आठवडे थांबा आणि पुन्हा बघा. तरीही जखम असेल तर दाताला दोष देत बसू नका.

पांढरा चट्टा गॉजने पुसून बघा. पुसला गेला तर बुरशी असू शकते किंवा नुसता चुना. पुसला गेला नाही तर ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारा पांढरा चट्टा, धरून पाठवा. लाल मखमली चट्टा पांढऱ्यापेक्षा पुष्कळ धोकादायक. तो लहान असला तरी थांबायचं नाही. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेले असतील तर तीच गत.

आणि एक लक्षण सगळ्यांकडून सुटतं: बाकीचे दात पक्के आणि एकच दाढ हलते. तिथल्या हिरडीवर मांस वाढलेलं असेल तर दाढ उपटू नका, आधी तिथला छोटा तुकडा काढून (बायोप्सी) तपासायला पाठवा. दाढ काढल्यावर महिनाभर खड्डा भरला नाही म्हणून मग शोध सुरू होतो, तोवर मधला वेळ गेलेला असतो.

निंबोणी

प्रशिक्षणात शिकवतो ते थोडं जोडते.

सरकारी चौकट २०१६ पासूनची आहे. ३० ते ६५ वयोगटातल्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी, उपकेंद्रावर. त्याआधी आशा घरोघरी सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका मोजायची प्रश्नावली, भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार यांचे गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण आले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी आणायचं. फॉर्मच्या पुढच्या भागात लक्षणांचे प्रश्न आहेत: तोंड उघडायला त्रास, न भरणारी जखम, आवाजात बदल. यातलं एकही 'हो' असेल तर गुण मोजत बसायचं नाही, थेट पाठवायचं.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आयुष्यात एकदा तरी तोंडाची कर्करोगासाठी तपासणी झाली असं सांगणाऱ्या स्त्रिया ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के होते.

तंबाखूचा प्रश्न कसा विचारता यावर अर्धं काम अवलंबून आहे. "तंबाखू खाता का?" असं बाईला विचारलं, त्यातही सासू शेजारी बसलेली असताना, तर उत्तर 'नाही' येणार. "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून केलेली तंबाखूची पूड, पण लावणारीच्या हिशेबात ते दंतमंजन असतं. तीन-चार वेळा लावते आणि लावल्यावर बराच वेळ थुंकत नाही असं उत्तर आलं की समजा, तंबाखू दिवसभर तोंडात आहे. पुरुषांना "पुडी कोणती?" असं सरळ विचारा. प्रश्न विचारताना आवाजात शाळामास्तर येऊ देऊ नका.

तिसरी घंटा

थोडा विरोधी सूर लावतो. सगळ्यांचीच तोंडं तपासून मृत्यू कमी होतात याला पुरावा आहे का? नाहीतर निरुपद्रवी चट्ट्यांसाठी हजारो लोकांना जिल्ह्याच्या ठिकाणी पळवायचं, त्यांची मजुरी बुडवायची, आणि खरे रुग्ण तसेच राहायचे.

गोदाकाठ

प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर भारतातच मिळालं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायत-गटांत चाचणी झाली: सात गटांत तपासणी, सहांत नेहमीची सेवा. वय ३५ च्या पुढे, तीन-तीन वर्षांनी फेरी. तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले पदवीधर आरोग्य कर्मचारी होते. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. सगळी लोकसंख्या एकत्र धरली तर फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता.

म्हणजे तुमचं म्हणणं निम्मं बरोबर. व्यसन नसलेल्या माणसांच्या रांगेवर वेळ घालवण्यापेक्षा खाणाऱ्यांना शोधून आणा. माझ्या मते शिबिराच्या दारातच दोन रांगा हव्यात. तंबाखू, सुपारी, मिश्री, बिडी, दारू यातलं काहीही असेल तर पाच मिनिटांची पूर्ण तपासणी. काहीच नसेल तर तक्रार विचारा, पटकन बघा आणि सोडा.

तिसरी घंटा

हे पटलं. पण 'प्रशिक्षण दिलेले' हा शब्द महत्त्वाचा. दोन तासांचं पॉवरपॉइंट म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

वऱ्हाडी ठेचा

सुपारीवर कुणीच बोललं नाही अजून. तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो म्हणणारे लोक आम्ही सुरक्षित असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध.

इकडे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे खर्रा चालतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पाटीवर घासतात, मग ती पन्नी खिशात आणि दिवसभर थोडं थोडं तोंडात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून खाणं सुरूच आहे आणि खऱ्र्याला तर कारखानाच लागत नाही, टपरी पुरते.

सुपारीतल्या अ‍ॅरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू वाढत जातात. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पोरगं आधी सांगतं की तिखट लागलं की आग होते. मग गाल पांढुरके, संगमरवरासारखे दिसतात. बोटाने चाचपलं तर आत उभे पट्टे लागतात. मग शिट्टी वाजत नाही, फुगा फुगत नाही, पाणीपुरी तोंडात जात नाही. विशीतली पोरं असतात ही. सरकारी तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होते, म्हणून यांच्यासाठी कॉलेज आणि आयटीआयमध्येच तीन बोटांची चाचणी घ्यायला हवी.

सुपारी सोडली की आजार पुढे सरकायचा थांबू शकतो, पण आखडलेलं तोंड आपोआप पूर्ववत होत नाही. व्यायाम, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया हे पुढचे मार्ग. आणि या तोंडांची दर सहा महिन्यांनी तपासणी, कारण काहींत पुढे कर्करोग होतो आणि तोंड उघडत नसल्यामुळे तो दिसतही नाही.

काचपट्टी

मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते. तपासणी उत्तम झाली, रुग्ण पाठवला, तुकडाही काढला, आणि रिपोर्ट आला 'नमुना अपुरा'. पुन्हा सगळं पहिल्यापासून. यातले बहुतेक अपघात टाळता येतात.

तुकडा जखमेच्या मधोमध काढू नका, तिथे मेलेली पेशी आणि पू. कडेवरून घ्या. चट्टा पांढरा-लाल असेल तर लाल किंवा खडबडीत भागातून घ्या. वरवर खरवडून उपयोग नाही. अस्तराखालचा थर आला तरच पेशी खाली घुसल्या आहेत का ते सांगता येतं. पंच (गोल तुकडा कापायचं हत्यार) वापरत असाल तर ४ ते ६ मिमीचा. फुलकोबीसारख्या वाढीत तर खोल तुकडाच हवा, नुसता वरचा भाग पाठवला तर तो कायम निरुपद्रवी दिसतो. चिमट्याने दाबून धरू नका, पेशी चिरडतात. कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या हत्याराने, कापू नका, कडा जळतात.

बाटलीत १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट. बाजारातल्या तयार फॉर्मॅलिनचा एक भाग आणि बफरच्या पाण्याचे नऊ भाग. सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून आलेले नमुने अजूनही येतात. बाटलीवर नाव आणि जागा लिहा, झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. 'डावा गाल, खालच्या सहाव्या दाताजवळ' इतकं नेमकं हवं. चिठ्ठीत व्यसन आणि कालावधी लिहा.

आणि डोळ्यांना कर्करोग दिसतोय पण रिपोर्ट 'कर्करोग नाही' म्हणतो, तर रिपोर्टवर विसंबू नका. पुन्हा तुकडा काढा आणि मला फोन करा. पॅथॉलॉजिस्टला फोन केल्याने तो चिडत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

शेवगा

टोल्युइडिन ब्लू, म्हणजे संशयित चट्ट्यावर धरणारा निळा रंग, लावून बघावा का शिबिरात? काही जण निळा प्रकाश टाकणारी यंत्रंही आणतात.

काचपट्टी

टोल्युइडिन ब्लूचा उपयोग तुकडा कुठून काढायचा ते ठरवायला. साध्या जखमेवरही तो धरतो आणि काही धोक्याच्या चट्ट्यांवर धरत नाही. म्हणून 'निळं झालं नाही, घरी जा' असं कधीच सांगू नये. यंत्रांचंही तेच. त्या पैशात मोजे आणि गॉज जास्त येतील.

माळरान

गावात ठाम समज आहे की सुई किंवा चाकू लागला की गाठ पसरते. त्यामुळे लोक तुकडा काढू देत नाहीत. काय सांगायचं?

कातरवेळ

सांगायचं असं: "तुकडा काढल्यामुळे पसरत नाही. तुमच्या ओळखीचे जे गेले ते तुकडा काढायला यायच्या आधीच उशीर झालेला होता." लोकांनी तुकडा आणि मृत्यू हे एकामागोमाग बघितलेले असतात, त्यामुळे समज पक्का होतो. भूल देऊन पाच-दहा मिनिटांत तुकडा निघतो, टाका पडला तर एखादा, त्याच दिवशी घरी, मऊ खिचडी खायची. हे इतकं साधेपणाने आधी कुणी सांगितलेलं नसतं.

लवकर म्हणजे किती लवकर, त्याचा हिशेब शस्त्रक्रियेच्या बाजूने सांगतो. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि ५ मिमीपेक्षा खोल नसेल तर पहिला टप्पा. बहुधा फक्त शस्त्रक्रिया पुरते, किरणोपचार टळतात, बोलणं आणि गिळणं बऱ्यापैकी टिकतं. खोली १० मिमीच्या पुढे गेली की वरून नाण्याएवढी दिसणारी गाठही तिसऱ्या टप्प्यात मोजतात. २०१७ मध्ये आलेल्या नव्या वर्गीकरणाने ही खोली मोजायला लावली. म्हणून बाहेरून छोटीच दिसते असं कुणी म्हणालं तरी निश्चिंत होऊ नका.

मानेत गाठ लागत नसतानाही सर्जन मानेतल्या ग्रंथी का काढतो, हा पुढचा ठरलेला प्रश्न. टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ आल्यावर बघू म्हणून थांबलेल्यांत ६७.५ टक्के. हे आकडे घरच्यांना दाखवले की शंका मिटते.

पैशांसाठी: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी जा. बिल भरून मग परत मागायला गेलात तर हाती काही येत नाही. किरणोपचार ठरले असतील तर किडके दात त्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढून घ्यायचे. नंतर काढले तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका राहतो.

वऱ्हाडी ठेचा

+१. आणि 'तोंड आलंय' म्हणून बी-कॉम्प्लेक्सची पानं महिनोन्‌महिने देत राहणाऱ्यांनाही कुणीतरी वर लिहिलेला दोन आठवड्यांचा नियम पाठवा.

पाणवठा

समुपदेशनाचं थोडं. शिबिरात चट्टा दाखवला तो क्षण सोडायचा नाही. हातात आरसा द्या, त्याचा गाल त्यालाच दाखवा. पुडीवरचं चित्र रोज बघून डोळे सरावलेले असतात, स्वतःचा गाल नाही.

"सोडून द्या" एवढं सांगून भागत नाही. सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळात, ते विचारा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर ओढ जबरदस्त, निकोटिन गम ४ मिग्रॅचा. नाहीतर २ मिग्रॅचा. गम च्युइंगगमसारखा सटासट चावला तर उचकी आणि मळमळ होते, मग माणूस 'मला झेपत नाही' म्हणून परत पुडीकडे जातो. चार-पाचदा चावायचा, चुणचुण आली की गाल आणि हिरडीमध्ये ठेवून द्यायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा, साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, निकोटिन शोषलं जात नाही. तोंड आखडलेल्याला गम चावता येत नाही, त्याला डॉक्टरांना विचारून पॅच. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. त्या दिवसांत फोन करायला १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक, पुडीवरही छापलेला असतो.

निंबोणी

आता खरी गळती. शिबिरात संशयित सापडतात आणि तालुक्याच्या पुढे पोचतच नाहीत. 'जिल्हा रुग्णालयात दाखवा' एवढ्या चिठ्ठीवर ऊसतोड मजूर जात नाही. त्याची उचल घेतलेली असते, मुकादम सुट्टी देत नाही, आणि जखम दुखत नाही. म्हणून शिबिराच्या आधीच तुकडा कोण काढणार ते ठरवा. सगळ्यात चांगलं म्हणजे दंतवैद्य किंवा सर्जन शिबिरातच बसवा आणि त्याच दिवशी तुकडा घ्या. ते जमत नसेल तर ठरावीक वार, ठरावीक खोली, ठरावीक माणूस. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. तिथे मुखरोग विभागाशी आधी बोलून ठेवलं तर रांग टळते. मुकादमालाही चिठ्ठीची प्रत द्या.

शेवगा

निंबोणीताई, चिठ्ठीचा नमुना द्याल का? छापूनच घेऊ.

निंबोणी

हा घ्या. अर्ध्या पानात बसतो, कार्बन लावून तीन प्रती: रुग्ण, आशा, रजिस्टर.

नाव, वय, मूळ गाव आणि सध्याचा मुक्काम दोन्ही. स्वतःचा मोबाइल आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा एक, कारण मजुराचा नंबर हंगाम संपला की बदलतो. व्यसन, किती वर्षं, दिवसाला किती, कुठल्या गालात ठेवतो. तोंड किती मिमी उघडतं. तोंडाचं छापील चित्र, त्यावर जखमेच्या जागी फुली. 'डावा गाल' लिहिताना समोर बसून बघणाऱ्याची डावी बाजू लिहिली जाते, चित्रात ती चूक होत नाही. आकार मिमीमध्ये, रंग, पुसला जातो का, कडक लागतं का. मानेत गाठ आहे की नाही. कुठे जायचं: इमारत, खोली, वार, वेळ, भेटायचं कुणाला. खाली कापून परत पाठवायचा भाग: 'आला / तुकडा काढला / रिपोर्टची तारीख'.

सातव्या दिवशी तो भाग परत आला नसेल तर आशाने फोन करायचा, पंधराव्या दिवशी मुक्कामावर जायचं. टोळी हलली असेल तर मूळ गावच्या उपकेंद्राला रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवायचा.